'रिइटरेट'मधला 'रि' खरंच फालतू आहे का?

गोदाकाठ (परभणी)

आमच्या कॉलेजात अकरावीच्या एका मुलीनं इंग्रजी निबंधात 'रिइटरेट' हे क्रियापद वापरलं. निबंधाचा विषय गावच्या एसटीचा होता. शेवटच्या परिच्छेदात तिनं 'आमची मागणी मी पुन्हा ठासून सांगते' अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. पेपर तपासणाऱ्यांनी 'रि'वर लाल रेघ मारली, समासात लिहिलं, 'इटरेट म्हणजेच पुन्हा सांगणे, रि अनावश्यक', आणि अर्धा गुण कापला. मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली.

माझ्या मते ही दुरुस्तीच चुकीची आहे. अर्ध्या गुणाचं जाऊ द्या. पण ही समजूत शिकलेल्या माणसांतही इतकी पक्की बसली आहे की त्यावर मोकळेपणानं बोलायला हवं, म्हणून हा धागा काढते आहे.

लॅटिनमध्ये 'इतेरुम' म्हणजे पुन्हा, दुसऱ्यांदा. त्यावरून 'इतेरारे' हे क्रियापद झालं, पुन्हा करणे किंवा पुन्हा म्हणणे. तेव्हा 'इटरेट'मध्ये 'पुन्हा' आधीपासून आहे, हे तपासणाऱ्यांचं म्हणणं बरोबर. पण 'रि' लावलेलं 'रेइतेरारे' हे रूप उत्तरकालीन लॅटिनमध्येच तयार झालेलं होतं. इंग्रजीत 'रिइटरेट' पंधराव्या शतकापासून सापडतं आणि नुसतं 'इटरेट' सोळाव्या. ज्याला आपण मागून चिकटवलेलं शेपूट समजतो तो शब्द इंग्रजीत आधी आला.

आणि आजचा वापर बघा. बोलण्याच्या संदर्भात 'इटरेट' कोण वापरतं? गणितात आणि संगणकात ते रोजचं आहे, पण 'मी माझी मागणी इटरेट करते' असं वाचलं की इंग्रजी जाणणारा अडखळतो. मुलीनं बरोबर शब्द निवडला होता, आपण तो बिघडवून परत दिला.

जाता जाता एक गोष्ट, मला फार आवडते म्हणून. या 'इतेरुम'चा सख्खा भाऊ आपल्या घरात आहे. संस्कृतातला 'इतर'. दोन्ही एकाच मुळाचे. आधी 'दुसरा' आणि मग 'दुसऱ्यांदा', असा तो अर्थ सरकत गेला.

नेमकं_बोला (छत्रपती संभाजीनगर)

ताई, इतिहास मान्य. निष्कर्ष मान्य नाही.

शब्द जुना आहे म्हणून तो निर्दोष ठरत नाही. 'गाईचं गोमूत्र' आणि 'पिवळा पीतांबर' कितीतरी पिढ्या चालत आले आहेत, तरी शाळेत आपण मुलांना ते टाळायला शिकवतोच ना? पीतांबर म्हटलं की पिवळा आला. इतेरारे म्हटलं की पुन्हा आलं. वर आणखी 'रि' लावायचा, तर त्यानं अर्थात काय भर पडली ते दाखवा. भर पडत नसेल तर ते अक्षर ओझंच आहे.

माझं आयुष्य सरकारी मजकुराचं भाषांतर करण्यात गेलं. 'याद्वारे पुनश्च एकदा पुनरुच्चार करण्यात येत आहे' असलं वाक्य समोर आलं की मी 'पुन्हा कळवण्यात येते' एवढंच ठेवत असे. दोनदा 'पुन्हा' म्हटल्यानं आदेश दुप्पट लागू होत नाही. उलट वाचणारा समजून जातो की मागच्या वेळचं कुणी ऐकलेलं नाही.

बातम्यांमधला प्रकार तर त्याहून वाईट. मराठवाड्याच्या पाण्यावर कुणी बोललं की लगेच 'हक्काचं पाणी देण्याचा पुनरुच्चार'. इंग्रजी पेपरात 'रिइटरेटेड'. आधी कधी म्हटलं होतं, त्याचं काय झालं, याचा पत्ता नाही. शब्दाच्या वजनाखाली प्रश्न दाबला जातो. म्हणून मी म्हणतो, पोरांना 'रिपीट' शिकवा, 'से अगेन' शिकवा. साधं, नेमकं.

लूपवाला (मूळ नांदेड, सध्या पुणे)

मी प्रोग्रामिंग करतो, त्यामुळे 'इटरेट' हा माझ्या रोजच्या तोंडातला शब्द. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. 'इटरेट' म्हणजे नुसतं पुन्हा करणं नव्हेच. त्यात पुढं सरकणं आहे. माझ्या माहितीप्रमाणे लॅटिनमध्ये 'इतेर' म्हणजे प्रवास, त्यावरूनच 'आयटिनररी' आलं. इटरेट त्याच घरातलं आहे. दर फेरीला तुम्ही एक पाऊल पुढं असता.

उदाहरण देतो. २ चं वर्गमूळ काढायचंय. अंदाजानं १ घ्या. २ ला त्या अंदाजानं भागा, आणि भागाकार व अंदाज यांची सरासरी काढा. आलं १.५. आता १.५ घेऊन तेच करा, येतं १.४१६७. पुन्हा तेच, येतं १.४१४२. कृती तिन्ही वेळा एकच, पण दर वेळी आधीचं उत्तर पुढच्या फेरीत कच्चा माल म्हणून जातं. याला इटरेशन म्हणतात. पोपटानं तोच शब्द पुन्हा म्हणणं हे रिपीट. हा फरक मुलांना शिकवला पाहिजे, 'रि' राहिला का गेला हा मुद्दा दुय्यम आहे.

तेरणाकाठ (धाराशिव)

लूपवाला, गणित उत्तम समजावलंत, पण व्युत्पत्ती तशी नाही. प्रवास या अर्थाचा 'इतेर' आला 'जाणे' या धातूपासून, संस्कृतात 'एति' म्हणजे जातो, तो धातू. 'आयटिनररी' त्या घरातली. 'इतेरुम' आलं दर्शक सर्वनामाला '-तर' प्रत्यय लागून, जसं आपलं 'इतर'. कानाला सारखे लागतात, पण घरं वेगळी.

'इतेरुम'चा मूळ अर्थ किती नेमका होता याचा पुरावा रोमन नाण्यांवर आहे. वेस्पासिअन सम्राटाच्या इ. स. ७० च्या सुमाराच्या चांदीच्या नाण्यांवर 'कॉस इतेर' अशी अक्षरं आहेत. कॉस म्हणजे कॉन्सल, रोममधलं एक मोठं पद, इतेर म्हणजे इतेरुम, मिळून 'दुसऱ्यांदा कॉन्सल'. तिसऱ्यांदासाठी लॅटिनमध्ये शब्दच वेगळा, 'तेर्तिउम'. म्हणजे हा शब्द मोघम 'परत परत'चा नव्हता, मोजून दुसऱ्या वेळेचा होता. (त्याच शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही आपल्याकडची दोन व्यापारी गावं आली आहेत. तगर म्हणजे आमचं तेर. ही रोमन दुनिया आपल्याला वाटते तितकी परकी नाही.)

काळंरान (मानवत)

वाचायलो कधीचा, पण आता लिहावं वाटलं. दुसऱ्यांदा असा नेमका अर्थ असेल तर त्याला आमच्याकडं 'दुबार' म्हणतात. आन् दुबार म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यापुढं दोन गोष्टी येतात, दोन्ही एकमेकीच्या उलट.

एक दुबार नांगरट. रब्बी निघाली की काळ्या रानात पहिली नांगरट होती. ढेकळं निघतात ही एवढाली, घमेल्यायेवढी. ती उन्हात तापू द्यायची. मग आडवी नांगरट, नाही जमलं तर मोगडा, मग वखराच्या पाळ्या. पहिल्या पाळीला ढेकूळ फुटतं, दुसरीला बारीक होतं, हराळीच्या काशा वर येतात, त्या वेचून बांधावर टाकायच्या. रान तेच, वखरही तोच, पण दुसऱ्या पाळीचं काम पहिल्या पाळीचं नसतं. पहिल्या पाळीत ते होऊच शकत नाही.

दुसरी दुबार पेरणी. मृगात दोन पाऊस झाले, सोयाबीन टाकलं, मग पावसानं ओढ दिली आन् बी जळालं. पुन्हा बॅग, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं. त्यात कुठंच काही पुढं सरकत नाही, निव्वळ तोटा.

म्हणून लूपवाला भाऊ म्हणायलेत ते अर्धं पटतं. पुन्हा करण्यात पुढं जाणं असंलच असं नाही. दुबार हा शब्द दोन्हीला चालतो. नेमकं बोला सरांना इचारतो, एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की ती कामून फालतू धरायची? दुसरी पाळी फालतू असती तर आमच्या बापजाद्यांनी मारली नसती.

तेरणाकाठ (धाराशिव)

काळंरान दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. लॅटिनमध्ये 'इतेरारे' या क्रियापदाचा एक ठरलेला अर्थ 'दुसऱ्यांदा नांगरणे' असाच आहे. पहिल्या शतकातला शेतीवर लिहिणारा कोलुमेल्ला पहिल्या नांगरटीला 'प्रोस्किंदेरे' म्हणतो, दुसरीला 'इतेरारे', तिसरीला 'तेर्तिआरे'. त्याच्याही आधी रोमन वक्ता सिसेरोनं वक्तृत्वावरच्या ग्रंथात जाणत्या वक्त्याच्या मनाची तुलना अशा शेताशी केली आहे, जे एकदाच नांगरून सोडलेलं नसतं, तर पुन्हा आणि दुबार नांगरलेलं असतं, म्हणजे पीक चांगलं आणि जोमदार येतं. तिथं त्यानं याच क्रियापदाचं रूप वापरलं आहे.

म्हणजे बोलणं आणि नांगरणं या दोन्हींत हा शब्द रोमन लोकांना शेजारी शेजारी दिसत होता.

गोदाकाठ (परभणी)

हे वाचून फार बरं वाटलं. यात एक भर घालते. 'रिहर्स' या इंग्रजी क्रियापदाचं मूळही शेतातच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'एर्स' म्हणजे दात्यांचं औत, नांगरटीनंतर ढेकळं फोडायला फिरवतात ते. 'रेएर्सिए' म्हणजे ते औत पुन्हा फिरवणे. इंग्रजीत आल्यावर आधी 'पुन्हा सांगणे, पाठ म्हणणे' असा अर्थ झाला आणि सोळाव्या शतकात नाटकाच्या तालमीला तो शब्द लागला. पुन्हा बोलण्याबद्दलची दोन इंग्रजी क्रियापदं, दोन्हींचे पाय मातीत. परभणीच्या वर्गात शेतकऱ्यांच्या पोरांना इंग्रजी शिकवताना ही गोष्ट आपण सांगत नाही, याची मला खरंच खंत वाटते.

लातूरची_आई (लातूर)

तुमची सगळ्यांची चर्चा चांगली चालली आहे, पण मला विचाराल तर मुलांना याचा उपयोग काय? आमच्या इथं शब्द एकच माहीत आहे, 'रिपीटर'. नीटला मार्क कमी पडले की मूल रिपीटर बॅचला बसतं. माझा मुलगा यंदा रिपीटर आहे. रोज तीच प्रकरणं, तेच प्रश्न, दर आठवड्याला टेस्ट. त्याला जर मी सांगत बसले की रोमन शेतकरी काय म्हणत होते, तर तो हात जोडेल. इंग्रजीच्या पेपरात शब्दाचा अर्थ येतो, मूळ येत नाही. मुलीला एवढंच सांगा की 'रिइटरेट' म्हणजे पुन्हा सांगणे, आणि पुनर्तपासणीचा अर्ज करा.

गोदाकाठ (परभणी)

ताई, मुलाला मनापासून शुभेच्छा. पण तुमच्याच उदाहरणातून बघा. तो वर्ष 'रिपीट' करतो आहे. वर्ष 'रिइटरेट' केलं असं इंग्रजीत कुणी म्हणणार नाही. रिपीट सगळ्याला चालतं: वर्ष, औषधाचा डोस, जेवणातला पदार्थ, दुसऱ्यानं उच्चारलेला शब्द. 'रिइटरेट' बहुतेक आपणच आधी मांडलेल्या म्हणण्याला लागतं: भूमिका, मागणी, इशारा. आणि त्यात 'मी अजून तिथंच उभी आहे' हा भाव असतो. नेमकं बोला सर 'रिपीट शिकवा' म्हणतात, पण त्यांना हवा तो नेमकेपणा तर याच शब्दात आहे.

मुळाचा उपयोग परीक्षेला नसेल. पण मूळ कळल्यावर मूल शब्द विसरत नाही, हे मी वर्गात पाहते.

नेमकं_बोला (छत्रपती संभाजीनगर)

काळंरान यांनी थेट विचारलं म्हणून थेट उत्तर देतो.

दुसरी पाळी फालतू नाही, हे मान्य. पण तेरणाकाठ यांनी दिलेली माहिती माझ्याच बाजूची आहे, हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. रोमन शेतकऱ्याकडे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या नांगरटीला तीन वेगवेगळी क्रियापदं होती. मोजून बोलणारी माणसं ती. दुसऱ्यांदा केलं तर इतेरारे, तिसऱ्यांदा केलं तर तेर्तिआरे. मग 'रेइतेरारे' म्हणजे नेमकी कितवी पाळी? पुन्हा दुबार? ते मोजमाप या 'रे'नं मोडून टाकलं आणि 'परत परत' असा ढगळ अर्थ आणला. भाषा अशीच सैल होते.

आणि लूपवाला यांचं वर्गमूळ फार चांगलं उदाहरण आहे, पण तिथं कुणीही 'रिइटरेशन' म्हणत नाही, 'इटरेशन'च म्हणतात. जिथं काम नेमकं आहे तिथं 'रि' गळून पडला. हा योगायोग नाही.

लूपवाला (मूळ नांदेड, सध्या पुणे)

सर, शेवटचा मुद्दा खरा आहे, आमच्याकडं 'रि' लागत नाही. पण त्याचं कारण वेगळं वाटतं. प्रोग्रामला आग्रह धरायचा नसतो. यादीतल्या प्रत्येक नावावर एक एक करून जायचं आणि थांबायचं. आधी सांगितलेलं कुणी ऐकलं का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. माणसाला असतं. दोन वेगळ्या कामांना दोन वेगळी रूपं उरली, यात सैलपणा कुठला? उलट भाषेनं वाटणी केली.

व्युत्पत्तीची घरं वेगळी असतील, तरी 'आधीची फेरी पुढच्या फेरीच्या पोटात जाते' हा अर्थ आजच्या शब्दात पक्का आहे, आणि काळंरान दादांच्या वखरात तोच आहे. पहिल्या पाळीनं फोडलेलं ढेकूळच दुसरी पाळी बारीक करते.

काळंरान (मानवत)

सर, तिसऱ्या पाळीचं सांगतो. आमच्या बोलण्यात 'दुबार' आहे, 'तिबार' पण आहे. पण रानात उभं राहून माणूस म्हणतो, 'आजून एक पाळी मार.' कितवी ते रान बघून ठरतं, मोजून ठरत नाही. कुंद्याचं तण दिसलं की आजून एक. तुमच्या त्या 'रे'चा अर्थ मला 'आजून एक' असा लागायलाय.

तेरणाकाठ (धाराशिव)

नेमकं बोला सरांचा आक्षेप आपल्याकडच्या शास्त्रकारांनाही सुचलेला होता. न्यायसूत्र या तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात वादात हरण्याची २२ कारणं दिली आहेत, निग्रहस्थानं म्हणतात त्यांना. त्यातलं एक 'पुनरुक्त'. म्हणजे वादात तेच पुन्हा बोललात तर तुम्ही हरलात. इथपर्यंत सरांचा विजय. पण सूत्र असं आहे: 'शब्दार्थयोः पुनर्वचनं पुनरुक्तमन्यत्रानुवादात्'. शब्दाचं किंवा अर्थाचं पुन्हा बोलणं हे पुनरुक्त, 'अनुवाद' सोडून. आज आपण भाषांतराला अनुवाद म्हणतो, तिथं त्याचा अर्थ प्रयोजन ठेवून पुन्हा म्हणणं असा आहे.

उदाहरणही तिथंच आहे. जाणाऱ्याला घाई करायला सांगावं तसं. 'लवकर जा' एकदा म्हटलं आणि 'लवकर जा, लवकर जा' म्हटलं, यात फरक आहे. दुसऱ्या वेळच्या शब्दांत नवी माहिती नाही, पण जाणाऱ्याचे पाय त्यानं जास्त वेगानं उचलले जातात. 'पिवळा पीतांबर' मध्ये तसं काही घडत नाही. म्हणून सर, ती दोन उदाहरणं आणि हे क्रियापद एका रांगेत बसत नाहीत. पीतांबराला पिवळा म्हणणं हे वर्णनातलं दुहेरीपण. 'रिइटरेट' हे करण्यातलं.

लातूरची_आई (लातूर)

'लवकर जा, लवकर जा' हे पटलं. घरात सकाळी तेच चालू असतं. पण मूळ प्रश्न राहिलाच. त्या मुलीचा अर्धा गुण परत मिळणार का?

नेमकं_बोला (छत्रपती संभाजीनगर)

प्रयोजनाची कसोटी मला मान्य आहे. मी आयुष्यभर तीच लावत आलो. मग ती या मुलीलाही लावा. तिनं ती मागणी निबंधात आधी कुठं मांडली होती का? मांडली असेल तर 'रिइटरेट' बरोबर. नसेल, तर तिनं पेपरात वाचलेला भारदस्त शब्द उचलला, आणि गुण कापण्याचं कारण 'रि' नसून ते आहे. ताई, निबंध तुमच्यासमोर आहे, तुम्हीच सांगा.

गोदाकाठ (परभणी)

सांगते. दुसऱ्या परिच्छेदात आहे. सकाळच्या शाळेच्या वेळेला गावात बस येत नाही, मुली फाट्यापर्यंत चालत जातात, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तो दिवस बुडतो. म्हणून सकाळची एक फेरी गावापर्यंत आणावी, अशी मागणी तिनं तिथं स्वच्छ शब्दांत केली आहे. मधल्या दोन परिच्छेदांत 'प्रवासी कमी मिळतात' या नेहमीच्या उत्तराला तिनं उत्तर दिलं आहे: बस येत नाही म्हणून प्रवासी जीपनं जातात, बस आली तर बसतील. आणि मग शेवटी 'आय रिइटरेट'. आक्षेप खोडून काढल्यावर पुन्हा मांडलेली मागणी आहे ती. पहिल्या वेळेची आणि शेवटची, दोन्ही वाक्यं जवळपास सारखीच आहेत, पण शेवटच्या वाक्यापर्यंत वाचणाऱ्याकडे 'नाही' म्हणायला कारण उरत नाही.

पुनर्तपासणीसाठी मी उद्या विभागात हे सगळं लेखी देणार आहे. अर्जात व्युत्पत्ती दोन ओळींत आणि ही वाक्यांची जागा सविस्तर.

नेमकं_बोला (छत्रपती संभाजीनगर)

मग त्या मुलीचा अर्धा गुण तिला मिळालाच पाहिजे, आणि माझं हे म्हणणं अर्जात जोडायला माझी हरकत नाही. पण 'इंग्रजीत आधी आला' हा मुद्दा अर्जातून काढा. आधी येणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, आणि तपासणारा नेमका तिथंच तुम्हाला धरेल. वाक्याची जागा दाखवा, तेवढं पुरेसं आहे. बातम्यांमधल्या 'पुनरुच्चारा'बद्दल मात्र मी वर जे लिहिलं त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

काळंरान (मानवत)

ताई, ते गाव कोणतं आहे हे इथं लिहू नका, पण त्या पोरीला म्हणा निबंध मराठीत करून आगारात पण दे. आन् एकदा देऊन थांबू नको म्हणा.